कडं कपाटात ठेवू नये

मी, सगळी गल्ली जिला चांदीवाली मावशी म्हणते ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डोळे आणि बोटं थकली आहेत, पण मृत्युपत्र करताना त्यांना कोणी विचारत नाही. मला कोणी गळ घातलेली नाही की धाक दाखवलेला नाही. लोकांची काळी पडलेली चांदी उजळता उजळता आता खरंच दमले आहे, म्हणून आवराआवर करून ठेवते.

एक. राहतं घर, म्हणजे पुढची कामाची खोली आणि मागचं स्वयंपाकघर, माझ्या पुतण्याला द्यावं. बँकेत जे निघेल तेही त्याचंच. मुलगा सरळ आहे. मागचं छप्पर गळतं हे त्याला कित्येकदा सांगून झालं. आता ते त्याच्या डोक्यावर गळेल, मग बघेल.

दोन. माझी साधी साखळी आणि कानातली पुतण्याच्या बायकोला. तिने एकदा पैंजण टूथपेस्टने घासले होते. मी तोंड वाकडं केलं तर म्हणे दात उजळतात, मग चांदी का नाही? ते ओरखडे काढताना माझा जीव मेटाकुटीला आला. म्हणून इथे लिहून ठेवते. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ ब्रश, आणि नंतर सुती फडक्याने टिपून अगदी कोरडं करायचं. फारच काळवंडलं तर खडूची बारीक पूड ओलसर फडक्यावर घेऊन हलक्या हाताने फिरवायची. नक्षीच्या खाचांत मात्र पूड घालायची नाही. तिथला काळेपणा मळ नव्हे, त्याच्यामुळेच नक्षी दिसते. हे तिला या जन्मात पटणार नाही, तरी मी सांगायचं काम केलं.

तीन. ब्रश, फडकी, खडूचा डबा आणि भिंग शेजारच्या शिंपिणीच्या लेकीला; शिंपीण स्वतः साक्षीदार आहे, तिला देता येत नाही. मऊ चिंधी मागितली आणि शिंपिणीने नाही म्हटलं, असं कधी झालं नाही. चौकातल्या सराफाला काहीही देऊ नये. दागिने माझ्याकडून उजळून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला यंत्रावर केले म्हणून सांगायचा. तो भेटायला आलाच तर चहा द्यावा, बिनसाखरेचा.

चार. आता कडं. आईच्या हातात कड्यांची जोडी होती. त्यावर वेल कोरलेली आणि खाचांत काळी रेघ. आई गेल्यावर एक मी घेतलं, एक माझ्या धाकट्या बहिणीने. थोड्याच दिवसांत धाकटीने तिचं कडं खसाखसा घासून पांढरंफटक करून आणलं. मला बरं वाटावं म्हणून केलं, असं तिचं म्हणणं. वेल दिसेनाशी झाली. मी भरल्या घरात म्हटलं, "तू आईला पुसून टाकलंस." त्यानंतर तिने या घराचा उंबरा ओलांडला नाही. माझं म्हणणं आजही तेच आहे, पण बरोबर असण्याचाही कंटाळा येतो. मला तिची रोज आठवण येते. माझं कडं मी कपड्यात गुंडाळून कपाटात जपलं, कोणाला हात लावू दिला नाही. ते धाकटीला द्यावं. अट एकच, तिने ते कधीही घासू नये.

पाच. हे कलम सह्यांच्या वेळी वाढवलं आहे. दुसरी साक्षीदार म्हणून शिंपिणीने मला न विचारता धाकटीलाच बोलावून आणलं. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी बजावलं होतं. ते मी धाकटीला सांगितलं.

ती म्हणाली, "मग माझं नाव खोड, ताई. मी सही करते."

तिने पेन धरलं तेव्हा तिच्या हातातलं कडं मला दिसलं. त्यावर वेल होती. रोजच्या वापरात उंचवटे घासून लख्ख राहिले होते आणि खाचांत काळं आपोआप परत भरलं होतं, अगदी आईच्या हातात होतं तसं. मी कपाटातून माझं काढलं. ते तव्यासारखं सगळंच काळं, वेलीचा पत्ता नाही.

मी रडले, शिंपिणीसमोर. धाकटीने फडकं ओलं केलं, खडूची पूड घेतली आणि मी सांगत गेले तशी फक्त उंचवट्यांवरून फिरवली. वेल अर्धीमुर्धी उमटली. मग ते कडं तिने माझ्या हातात सरकवलं आणि म्हणाली, "बाकीची घालून घालून येईल."

सबब कलम चार रद्द. कडं माझ्या हातातच राहील. मी गेल्यावर धाकटी ते ज्याच्या हातात घालेल त्याचं, आणि त्याने ते कपाटात ठेवू नये. तोवर किती दिवस आहेत मला ठाऊक नाही. पूर्ण वेल दिसेल इतके असावेत, असं आज पहिल्यांदाच वाटतं आहे.

साक्षीदार:
१. शेजारची शिंपीण.
२. धाकटी बहीण. हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, असं तिने मुद्दाम लिहायला लावलं आहे.

स्थळ: पुढची खोली, कामाचं टेबल.
दिनांक: आजचा, शुक्रवार, दुपार.

सही: चांदीवाली मावशी.
कडं टेबलाला अडतं, त्यामुळे सही तिरकी आली आहे. ती माझीच आहे.