कमी वासाचा गोंद

८ जानेवारी
पंख निखळला! हवेत! माझं रबराच्या पिळावर उडणारं छोटं विमान शाळेच्या जिमच्या निम्म्या उंचीवर छान गोल घिरट्या घालत होतं— आणि डावा पंख सुटून एकटाच तरंगत खाली. सगळ्या विमान-क्लबासमोर. क्लबातला विधुर म्हातारा लेलंड कॉफी पीत म्हणाला, "आयोन, पंख बरा उडतोय. बाकीच्याचं काय ते बघ." मेल्याला हसायला काय जातं!

९ जानेवारी
जोड नीट पाहिला. बाल्साचं हलकं लाकूड शाबूत आहे, गोंदच सुटलाय. ओढला तर च्युइंगगमसारखा लांबतो! हा गोंद वाळला की काचेसारखा कडक व्हायचा. ट्यूब तीच, पिवळी. फक्त कोपऱ्यात बारीक अक्षरांत— 'आता कमी वासाचा'. अरे, वास काढा म्हणून तुमच्या दारात कोण आलं होतं?

१२ जानेवारी
कंपनीत फोन केला. मुलगी गोड बोलत होती. "नवा गोंद ग्राहकांना जास्त आवडतो, मॅडम."
"कोणत्या ग्राहकांना?"
"...कपाचे कान चिकटवणाऱ्यांना."
लेलंडला सांगितलं तर म्हणतो, "गोंदाला कशाला नावं ठेवतेस? वय झालं आपलं. हात थरथरतात." आपलं म्हणे! तुझं झालं असेल!
कोलंबस शहरातली विमानांची स्पर्धा पुढच्या महिन्यात. तिथला उंच छताचा हॉल उन्हाळ्यात पाडणार आहेत. तिथं उडवायचं तर आता, नाहीतर कधीच नाही.

२१ जानेवारी
दारात लेलंड. टोपीवर बर्फ, काखेत बुटांचा खोका. खोक्यात त्याचं विमान— तीन तुकडे. त्याच्या जुन्या ट्यूबा संपल्या होत्या, नवी काल फोडली म्हणे.
"बोल ना," मी म्हटलं.
"गोंद बदललाय."
"कोण म्हणत होतं?"
"तू. आता आत घेतेस का इथंच गोठवतेस?"
घेतलं. सफरचंदाचा गोड अ‍ॅपल-पाय केला होता, तोसुद्धा दिला. मोठा तुकडा!

२६ जानेवारी
गोंद आपणच करायचा! लेलंड कारखान्यात होता तेव्हा पोरं सेल्युलॉइडचे, म्हणजे कापूर घातलेल्या जुन्या प्लास्टिकचे, तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून चिकटवायची. सेल्युलॉइड कुठं मिळणार? पिंगपाँगच्या चेंडूत! लगेच दुकानातून आणले. कापले, बरणीत टाकले. झाला नुसता पांढरा चिखल. हल्लीचे चेंडू साध्या प्लास्टिकचे. जुने हवेत, जुने!

२ फेब्रुवारी
चर्चच्या तळघरातल्या खेळाच्या टेबलाखाली खोकाभर जुने चेंडू! रेव्हरंड टिलमननी विचारलं, "खेळणार का तुम्ही दोघं?"
"वितळवणार," लेलंड म्हणाला.
त्यांनी खोका आमच्याकडे सरकवला. मी एक चेंडू नखानं खरवडला— कापराचा वास! म्हणजे खरं सेल्युलॉइड! तिथंच ओरडले. वरच्या मजल्यावर भजनाची तालीम थांबली.

६ फेब्रुवारी
गोंद कडक झाला, झकास! पण वाळताना इतका आकसला की पंख केळ्याच्या सालीसारखा पिळवटला. मला रडू आलं. लेलंड गाडी काढून गेला आणि एरंडेलाची बाटली घेऊन आला. "काही थेंब घाल. मऊ पडेल."
"तुला कसं माहीत?"
"माहीत नाही. घालून बघ."
गॅरेजचं दार सताड उघडं, दोघं कुडकुडत उभे. घातलं.

७ फेब्रुवारी
पंख सरळ! एकदम सरळ! लेलंडनं पकडून वाकवला, हलवला, शिव्यासुद्धा घातल्या. सुटत नाही!

२३ फेब्रुवारी
कोलंबस. हात खरंच थरथरत होते, कोणाला सांगू नये. सोडलं. चढत गेलं, चढत गेलं, छताच्या तुळईला पंख घासला— वळलं, आणि घिरट्या घालत, घालत, रबराचा पीळ संपेपर्यंत खाली येईना! जोड जसाच्या तसा. दुसरा नंबर! पहिला मिशिगनच्या एका बाईचा. तिनं बरणी हुंगली आणि कृती मागितली. लेलंडचा नंबरच आला नाही, तरी तो इतका ओरडला की पंचांनी त्याला गप्प बसायला सांगितलं. परतीच्या वाटेवर गाडीभर त्याची बडबड. माझं रिकामं घर आलं तेव्हा मला उतरावंसं वाटेना.

२४ फेब्रुवारी
लेलंडच्या घरी गेले आणि दारातच विचारलं, माझ्याशी लग्न करतोस का. तो खुर्चीत बसला. म्हणाला, "मला वाटलं, काल ओरडलो म्हणून मला क्लबातून काढलं, तेच सांगायला आलीस." मग डोळे पुसले. हो म्हणाला!