साडेपाचचं जेवण

आई, मी बी.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतला तेव्हा तू भाकरीचं पीठ मळता मळता विचारलं होतंस, "ह्ये शिकून माणूस काय हुतं?" मी म्हणाले, समाजकार्यकर्ती. "मंजी पुढारी?" असं म्हणून तू भाकरी तव्यावर टाकलीस. नाही नाही म्हणत मी जे समजावायला बसले ते तुझी शेवटची भाकरी उतरेपर्यंत चाललं, पण तुला काही पटलं नाही. आता मी वेल्ह्यात हेच काम करते आणि कॉलेजच्या मुली माझ्या हाताखाली शिकायला येतात. त्यातल्या एकीनं परवा विचारलं, "मॅडम, तुमचं पहिलं काम कुठलं?" मी तिला काहीतरी सांगून वाटेला लावलं. पण मनात तूच आलीस, म्हणून हे लिहायला घेतलं.

दुसऱ्या वर्षी मला फील्डवर्कसाठी भोरचं मुलींचं वसतिगृह मिळालं. तिथं तू आधीपासून स्वयंपाक करत होतीस. आठवड्यातले दोन दिवस आपण कामथडीहून एकाच एसटीनं जायचो. तू स्वयंपाकघरात वळायचीस, मी ऑफिसात. पहिल्याच आठवड्यात गृहपाल मॅडमनी मला काम दिलं. मुली भाकऱ्या चोरून गादीखाली ठेवतात, सगळीकडे मुंग्या होतात, तेव्हा त्यांना चार शब्द समजावून सांगा. मुली वरच्या वाड्यांवरच्या, बहुतेकींच्या घरी शेळ्यामेंढ्या. मी त्यांना व्हरांड्यात घेऊन बसले. शेवटी आठवीतली एक पोरगी, खाली बघतच, म्हणाली, "ताई, साडेपाचला जेवाण हुतं. मंग रातच्याला लई भूक लागती. भूक लागली की झोप न्हाई येत." बाकीच्या माना हलवायला लागल्या. जेवण साडेपाचला का होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. तुला सातची एसटी गाठायची असायची. ती चुकली तर मागून येणाऱ्या गाडीचा भरवसा नाही, आणि घरी आण्णा, बायको कधी येते म्हणून चुलीकडे बघत बसलेले.

कॉलेजात फील्डवर्क बघणाऱ्या बाईंना म्हणाले, मला दुसरं ठिकाण द्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलींचं खरं आहे का?" मी हो म्हणाले. "आणि आईचं?" त्यालाही हो म्हणाले. "मग ठिकाण कशाला बदलता? काम तिथंच आहे," एवढं बोलून त्या वर्गावर निघून गेल्या. मला त्यांचा राग आला होता. आज मीही माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना तसंच सांगते, फक्त आधी चहा देते.

तुला मी एसटीतच सांगितलं, कापूरहोळ मागे पडल्यावर. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. हळू आवाजात म्हणालीस, "म्या काय उपाशी ठिवलं व्हय पोरींना?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग कसं म्हनतीस? तुला शिकायला धाडली, ती माज्यावरच शिकून आलीस."

त्यानंतर आठवडाभर तू माझ्याशी धड बोलली नाहीस. ताट वाढायचीस, पण "घे" म्हणायची नाहीस. मला वाईट वाटत होतं, तरी आपण चुकलोय असं एकदाही वाटलं नाही. तेव्हा वीस वर्षांची मी, कसल्या जोरावर एवढी ठाम होते कोण जाणे. बहुतेक तुझ्याच.

महिन्याच्या बैठकीला संस्थेची माणसं आली. मी उभी राहून सांगितलं, मुली चोर नाहीत, भुकेल्या आहेत. जेवण आठला व्हायला हवं. लगेच एकजण म्हणाले, मग स्वयंपाकाला दुसरी बाई बघा. दारात तू पाण्याचे ग्लास घेऊन उभी. मी म्हणाले, बाई बदलायची नाही. तिला सातनंतर घरी जायला भरवशाची गाडी नाही म्हणून जेवण लवकर होतं. तिची सोय करणं हे वसतिगृहाचं काम आहे. मोडक्या खाटा ठेवलेली खोली रिकामी करा, म्हणजे ती आठवड्यातून तीन रात्री इथं राहील. उरलेल्या दिवशी रात्रीचं तिच्या हाताखालची उत्रोलीची मदतनीस बघेल, तिचं घर जवळ आहे. त्यांनी तुलाच विचारलं, राहाल का? हे मी तुला आधी विचारलंच नव्हतं. तू ग्लास टेबलावर ठेवलेस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "खोलीला आतून कडी लावा. मंग ऱ्हाते."

घरी आण्णा भडकले. "बाईमाणूस रातचं भाईर? लोक काय म्हनतील?" तू डबा बांधत होतीस. "कामावर हाय म्हनून सांगा," म्हणालीस, आणि गेलीस. पहिल्या रात्री त्यांनी माझ्या हातचं मुकाट खाल्लं. पुढच्या महिन्यात ते स्वतःचा चहा करायला शिकले, पातेलं करपवत करपवत. गादीखालच्या भाकऱ्या बंद झाल्या. गृहपाल मॅडमनी मला छान शेरा दिला, मुलींच्या सवयी सुधारल्या म्हणून. मी हसले आणि सही घेतली.

मग एकदा एसटीत तू आपणहून बोललीस. "बरं वाटतं गं तितं. जेवनं झाली की कडी लावती. कुनी हाक मारीत न्हाई." एवढंच. तू मला शाबासकी दिली नाहीस, मी मागितली नाही. पण त्या दिवशी उतरताना माझी पिशवी तू घेतलीस. तू गेलीस त्याच्या आदल्या वर्षापर्यंत ती खोली तुझ्याकडे होती. सामान आणायला मी गेले तर एक खाट, एक आरसा आणि खिडकीत कुंडीतली तुळस. आपल्या घरी तुझा असा आरसा नव्हता. तू तिथं एकटी काय करायचीस, हे मी तुला कधी विचारलं नाही, आणि न विचारल्याचं मला आजही बरं वाटतं.

हे मी मोबाईलवर लिहितेय, वेल्ह्याच्या ऑफिसात, सगळे घरी गेल्यावर, आतून कडी लावून. पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही. एक मात्र तुला सांगून टाकते. घरी मी फोन केलाय की आज मीटिंग लांबली, तुम्ही जेवून घ्या. मीटिंग चारलाच संपली.