शनिवारच्या सामन्याआधी

प्रिय ओत्सो,

टपालाने तुला शेवटचं पत्र मी लष्करी सेवेत असताना पाठवलं होतं. तू तेव्हा अकरा वर्षांचा होतास आणि उत्तर म्हणून गोलकीपरच्या मुखवट्याचं एक चित्र धाडलं होतंस, खाली एक अक्षर नाही. आता पुन्हा टपालावर यायची वेळ तूच आणलीस. तुझा फोन आईच्या खणात आहे. ती दर रविवारी तो चार्ज करते आणि तसाच परत ठेवून देते. तावीमामा गुरुवारी दुकानात टपाल आणायला जातो असं ती म्हणाली, म्हणून आज मंगळवारी सरावावरून आलो तो थेट स्वयंपाकघरातल्या टेबलाशीच बसलोय. तुझी वहिनी इंकेरी मुलींना घेऊन पोहायला गेलीय, घरात कोणी नाही. मामाबरोबर बर्फाखालून जाळी ओढून तुझे हात फुटले असतील. मामाला सांग, त्याने पाठवलेले मासे पोचले.

आधी बातमी सांगतो, कारण तिकडे तुला कोणी सांगत नसणार, आणि सांगितली तरी तू कान बंद करून घेत असशील. शनिवारी आइस हॉकीच्या साखळीतला शेवटचा सामना, आपल्याच हॉलमध्ये, नदीपलीकडच्यांशी. जिंकलो तर दहावे, म्हणजे बाद फेरीत मागच्या दाराने का होईना, शिरतो. हरलो तर सोमवारी कपाटं रिकामी करायची. गेल्या वसंतात अख्ख्या कोस्किवुओरी गावाने ज्यांना डोक्यावर घेतलं, ते यंदा बाद फेरीच्या उंबऱ्याबाहेर! बेकरीवाली पावाची पिशवी देताना माझ्याकडे बघत नाही. बघितलं की म्हणते, "तॉर्स्ती, माझ्या नवऱ्याने एप्रिलची रजा टाकून ठेवलीय हो. तुमच्यासाठी टाकलीय की घराला रंग द्यायला, तेवढं सांगा."

आपला करंडकाचा दिवस आठवतोय ना? प्रत्येक खेळाडूला करंडक घरी न्यायला एक दिवस मिळतो, आपण दोघांनी मिळून दोन दिवस घेतले आणि ते दोन्ही आईनेच पळवले. शेपू घातलेले नवे बटाटे आणि वर लोण्याचा गोळा, हे सगळं करंडकात! संघाचा माणूस पांढरे हातमोजे घालून बाजूला उभा, रडकुंडीला आलेला, आणि आई त्याला म्हणते, "अहो, हातमोजे काढा आणि बसा, गार होतील." नंतर आपण तो सौनाच्या वाफेच्या खोलीत नेला आणि तो इतका तापला की कोणाला हात लावता येईना. मी तेव्हा कुबड्यांवर होतो. अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात फटका अडवताना घोटा मोडला होता आणि सातवा मी सुया टोचून खेळलो, हे लोकांनी इतक्यांदा सांगितलं की मलाच ती गोष्ट दुसऱ्या कोणाची तरी वाटायला लागली. तू मला उचलून तळ्यात नेलंस आणि म्हणालास, "ढोल्या, विजेत्यांच्या कॅप्टनला मीच बुडवणार." त्या दिवसाइतका मी पुन्हा कधी हसलेलो नाही.

विजेते म्हणून खेळणं म्हणजे काय, हे आपल्याला सप्टेंबरात कळलं. दुबळ्यातला दुबळा संघही आपल्याविरुद्ध असा खेळतो, जणू त्यांचीच अंतिम फेरी आहे. त्यात आपले तिघे चांगले खेळाडू परदेशी गेले आणि उरलेले आपण छाती काढून फिरत होतो. आपला कोच साराला आहे ना, तो पहिल्या दिवशीच म्हणाला होता, "मेडलं घरी ठेवून या, बर्फावर वजन होतं." कोणी ऐकलं? ऑक्टोबरात अकरापैकी आठ सामने हरलो. त्यातले चार केवळ तुझ्यामुळे थोडक्यात हरलो, नाहीतर धुव्वाच उडाला असता. हे तेव्हा कोणी लिहिलं नाही, म्हणून मी आता लिहितोय.

नोव्हेंबरच्या त्या सामन्याबद्दल मी खाली लिहिणारच आहे. आधी पुढचं सांगून टाकतो.

तू गेल्यावर डिसेंबरात गोलकीपर म्हणून एडगार्स आला, लातवियाचा, छत्तीस वर्षांचा, गुडघे गंजलेल्या बिजागरीसारखे वाजतात. पहिल्याच दिवशी तुझ्या जागेवर बसायची वेळ आली तर तो थांबला. तुझं नाव अजून वर लावलेलं आहे, सामान सांभाळणारा उर्हो म्हातारा ते काढत नाही. उर्हो स्केटला धार लावता लावता म्हणाला, "ती जागा आहे एकाची. तू पलीकडे बस." एडगार्स निमूट पलीकडे बसला, स्वच्छतागृहाच्या दाराशी, आणि अजून तिथेच बसतो. भला माणूस आहे. त्याने आम्हाला बुडण्यापासून वाचवलं, पण तो तू नाहीस. त्याला स्वतःलाही ते ठाऊक आहे. जानेवारीत एकदा मला म्हणाला, "तुझ्या भावाचे सगळे सामने बघितले मी. तो एक गोल मात्र मला समजत नाही. असा पोर तिकडे सरकतोच कसा?" मी विषय बदलला, कॉफी आणायला उठलो.

जानेवारीपासून आम्ही खरंच मान खाली घालून राबलो. सारालाने व्हिडिओच्या बैठका बंद केल्या आणि रोज शेवटची वीस मिनिटं नुसतं धावायला लावलं. पोरं ओकली. एकानेही कुरकुर केली नाही, कारण सगळ्यांना लाज वाटत होती, आणि लाजेने माणूस बराच पळतो. शेवटच्या सतरा सामन्यांत बारा जिंकले. तेराव्यावरून अकराव्यावर आलो. प्रत्येक विजयानंतर जुन्या हॉलच्या कठड्याची ती फळी कोणाला द्यायची, हे पोरं ओरडून ठरवतात, तुला माहीतच आहे. ज्याने अंगावर सगळ्यात जास्त फटके घेतले, त्याच्या खुंटीवर फळी. फेब्रुवारीत त्यांनी ती मला दिली. मी त्या दिवशी दोनच फटके अडवले होते. ते गेल्या वर्षीच्या घोट्याला सलाम ठोकत होते. फळीवर सही करायची असते, मी करून टाकली. फळी गेल्या वर्षीच्या हिशेबाने दिली असं हसून सांगून मी ती परत करायला हवी होती. केली नाही.

आई बरी आहे. हॉलमधलं कॉफीचं टेबल तिने सोडलेलं नाही. नदीपलीकडचे पाठीराखे आले की तिच्यासमोरच हात लांब करून गातात, "ओत्सो, दार तिकडे! ओत्सो, दार तिकडे!" ती त्यांना कॉफी देते आणि साखर देत नाही. गेल्या वेळी एकाने मागितली तर म्हणाली, "साखर तिकडे," आणि बोट थेट पार्किंगकडे. सगळी रांग हसली, तीही हसली. नंतर मी मागच्या खोलीत गेलो तर ती पाठ करून कप विसळत होती, मघाशीच विसळलेले कप. मी फडकं घेऊन ते पुसायला लागलो. त्या क्षणी मला माझा खरोखर तिटकारा आला, ओत्सो.

आता तो गोल. जादा वेळ, नदीपलीकडचे दोघे सुटलेले, मागे मी एकटा आणि तू. अशा वेळी पुस्तकातला नियम एकच: बचावपटूने पास अडवायचा आणि गोलकीपरने फटका मारणाऱ्यावर नजर ठेवायची. आपला कोचही तेच शिकवतो, जगातला प्रत्येक कोच तेच शिकवतो. फक्त आपण दोघंच ते उलटं करायचो, गोठलेल्या तळ्यावर खेळायचो तेव्हापासून. मी "माझा!" ओरडलो, की फटका मी अंगावर घेणार आणि तू बेधडक दुसऱ्या माणसाकडे सरकायचं. पंधरा वर्षांत ही खूण कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर कोच ओरडला असता. अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात ती दोनदा कामाला आली. त्या दिवशीही मी ओरडलो, "माझा!" आणि तू सरकलास. सगळं जग म्हणतं तू चुकीच्या बाजूला सरकलास. तू अगदी बरोबर सरकलास. फटका मारणाऱ्याने स्टिक मागे घेतली, मला घोट्यातले स्क्रू आठवले आणि मी पाय मागे घेतला. रबरी पक माझ्या पायाच्या जागेवरून गेला. टीव्हीवर मी गुडघ्यावर वाकलेला दिसतो, शूर दिसतो. मागे रिकामी जाळी, आणि तू भलत्याच टोकाला.

तू ऐकलं होतंस. तू माझा पाय पाहिलास की नाही, ते मला माहीत नाही, पण ओरडणं ऐकलं होतंस. तरी टीव्हीच्या त्या बाईने माइक पुढे केला तेव्हा तू म्हणालास, "माझी चूक, मी अंदाज चुकवला." मी पाच पावलांवर उभा होतो. कपडे बदलायच्या खोलीत तू माझ्याकडे एकदाच बघितलंस. मी बुटांच्या नाड्या सोडत होतो. दोन आठवडे तू वाट बघितलीस, हे मला आता कळतं. सारालाने तुला बाकावर बसवलं, पेपरवाल्यांनी तुझी टर उडवली आणि मी कॅप्टन म्हणून, "भावाला थोडा वेळ द्या," असं भारदस्त निवेदन केलं. मग तू पॅड हॉलमध्ये टाकून उत्तरेला निघून गेलास, आणि मी चार महिने मूग गिळून बसलो. मी शेपूट घातलं, ओत्सो. एकदा बर्फावर, आणि नंतर रोज.

इंकेरीला परवा सांगितलं. ती म्हणाली, "सांग सगळ्यांना. पण शनिवारनंतर सांग, आत्ता संघ फुटेल." तिचं म्हणणं चूक नाही. पण जिंकल्यावर सांगितलं तर सगळे पाठ थोपटतील, आणि हरल्यावर सांगितलं तर ते हरण्याचं निमित्त होईल. माझ्यावर विसंबून त्यांना शनिवारी उतरायचंय, तर ते कोणावर विसंबतायत हे त्यांना आधी कळलं पाहिजे. म्हणून शुक्रवारी सकाळी, सरावाआधी, सगळ्यांसमोर. जर्सीच्या छातीवरचं कॅप्टनचं अक्षर काढून मी सारालाच्या हातात देणार, पुढे त्याने ठरवावं. तिथून मी बाहेर येऊन पेपरवाल्यांना तेच सांगणार, आणि मग कॉफीच्या टेबलाशी जाऊन आईला. तुला मात्र हे एक दिवस आधी कळावं, माझ्या हातून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. परत ये असं मी म्हणणार नाही, तो हक्क मी गमावलाय. माफही करू नकोस, निदान घाईने नको. मला खेळवलं तर शनिवारी मी खेळेन, आणि फटका आला की पाय जागचा हलणार नाही, मोडला तर मोडू दे. तू चुकला नव्हतास. तू माझ्यावर विश्वास ठेवला होतास, एवढंच तू केलं होतंस.

तुझाच,
तॉर्स्ती