उजवा पाय, वीस किलो

२ डिसेंबर

सहा आठवडे झाले पडून. आज फिजिओथेरपीवाली पोरगी आली — फरहीन. वय सत्तावीस असेल, बोलणं पन्नाशीचं. "मॅडम, हाडाला काम दिलं की ते भरतं. झोपवून ठेवलं की तेबी झोपतंय." माझ्या उजव्या गुडघ्याखालच्या हाडाचे तीन तुकडे झालेत, आत एक पट्टी आणि सात स्क्रू आहेत, आणि ही मला हाडाच्या झोपेचं सांगते.

हॉस्पिटलचं संशोधन आहे. साठीच्या पुढच्या माणसांचं मोडलेलं हाड व्यायामानं आणि भार दिल्यानं लवकर भरतं का, ते बघायचंय. चाळीस जण घेतलेत. मी सही केली, कारण डॉ. श्रेयसनी नीट समजावून विचारलं. चेहरा अकरावीतल्या मुलासारखा, पण हात चांगला आहे म्हणतात. एक छापील वही मिळाली. रोज सहा व्यायाम, प्रत्येकापुढे चौकट, केला की टिक करायची. इंग्रजी भयंकर. पहिल्याच पानावर चार चुका होत्या, पेन्सिलीनं दुरुस्त केल्या.

सहावा व्यायाम काट्यावरचा. वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, वॉकर धरून उभं राहायचं, उजवा पाय काट्यावर ठेवून हळूहळू दाबायचा. या आठवड्यात दहा किलो, मग दर आठवड्याला पाच वाढवायचे. काटा माझ्या बहिणीचा, आक्काचा आहे, तिच्या सासरहून, सदलग्याहून आणलेला, लोखंडी, तिच्याइतकाच जुना. पाय ठेवला की असा करकरतो की स्वयंपाकघरात कळतं.

दहा किलो दाबले. डोळ्यांपुढे अंधारी आली.

३ डिसेंबर

दुखतंय. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

५ डिसेंबर

तिसरा मजला. चोपन्न पायऱ्या. लिफ्ट नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये अकरा वर्षं लिफ्ट मागतेय. तेव्हा सगळे म्हणायचे, "मॅडमना काय, त्या रोज चढतात." आता मॅडम वर अडकल्यात आणि तेच सगळे नारळपाणी घेऊन बघायला येतात.

आक्का माझी थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर. मुलाकडे इचलकरंजीला असते. मी पडले तशी पिशवी उचलून आली ती गेलीच नाही. मला अजून तंगी म्हणते — तिच्या सासरच्या कानडीत धाकटी बहीण. सदुसष्ट वर्षांची तंगी!

तिची सून रुचिता फोनवर म्हणाली, "मावशी, तुम्ही आणि आत्या दोघी इकडंच या. तळमजला आहे, कायमचंच राहा की." कायमचंच. शेजारी यंत्रमाग चालू, दिवसभर खडखडाट, आणि मी खिडकीत बसून कुणी चहा देतंय का बघायचं. मुलगी चांगली आहे म्हणून फोन आपटला नाही. एकोणतीस वर्षं मी या घरात एकटी राहिले. माझ्या पायानं खाली जाते, माझ्या पायानं वर येते. याहून जास्त मला काही नको.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. जानेवारीच्या एक्स-रेत हाड भरताना दिसलं नाही, तर कमरेचं हाड काढून इथे भरायचं. म्हणजे पुन्हा टेबलावर. आणि त्यानंतर हा जिना? ते म्हणाले, तेव्हाचं तेव्हा बघू.

९ डिसेंबर

आज चारच व्यायाम केले. काट्याला पाय लावलाच नाही. पंधरा किलो दाबायचे म्हटल्यावर दहा किलोची ती अंधारी आठवली. वही उघडली. चार टिका, दोन चौकटी कोऱ्या. कोऱ्या चौकटी बघवेनात. केल्या टिका.

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढली. बाहीत चिठ्ठी लपवणारे, रोल नंबर बदलणारे, सगळे माझ्या टेबलावरून गेले. एकालाही सोडलं नाही. आणि आज मीच. पण ही काय परीक्षा आहे? दुखणं माझं, चौकट माझी. उद्या जास्त करीन.

आक्कानं दारातून विचारलं, "झालं का गं समदं?"

"झालं."

"बरं."

१६ डिसेंबर

नाही जमलं. रोज टिका मात्र सहा. काट्याच्या चौकटीत वीसचा आकडा लिहिला तेव्हा हात जरा थांबला. मग सवय झाली.

फरहीननं कोन मोजायच्या प्लास्टिकच्या पट्टीनं गुडघा मोजला. अठ्ठावन्न अंश. नव्वद पाहिजे. "वही तर फर्स्ट क्लास हाय मॅडम, मग गुडघा का वाकंना?" मी म्हटलं, गुडघ्याला विचार. ती हसली नाही.

२२ डिसेंबर

आक्का कोरा चहा पिते. मी म्हटलं, दूध महाग झालं का? "आता आवडत न्हाय." आवडत नाही! लहानपणी सायीसाठी माझ्या पाठीत धपाटा घालणारी ही. बस्तीत, आमच्या जैन देवळात, जास्त वेळ बसते हल्ली. मला ताट देते आणि स्वतः, "मी जेवतो मागनं." मागनं कधी जेवते कोण जाणे, मी तर आतल्या खोलीत पडलेली. म्हाताऱ्या माणसांची खुळं. माझं मला झालंय थोडं.

१ जानेवारी

नवं वर्ष. जुना गुडघा.

१६ जानेवारी

खुर्चीत बसवून दोघांनी चोपन्न पायऱ्या खाली नेलं, लग्नातल्या देवकासारखं. जिन्यात सगळी दारं उघडी. पुन्हा तसंच वर.

एक्स-रे लावला. डॉ. श्रेयसनी पेनानं फट दाखवली. काळी रेघ. ऑक्टोबरात होती तशीच.

मग त्यांनी माझी वही उघडली. "मॅडम, चाळीस जणांत सगळ्यांत चांगली वही तुमची. एक दिवस चुकला नाही. तरी हाड भरलं नाही, म्हणजे तुमच्या हाडाला भार देऊन उपयोग होत नाही, असंच दिसतंय. हेही आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. तुमच्यासारख्या बायकांना पुढे उगाच त्रास द्यायला नको." चोवीस फेब्रुवारीला ऑपरेशन.

खरं सांगायचं होतं. ऑपरेशनची तारीख लिहून घेतली आणि वही मिटली. मला वाटलं होतं चौकट माझी आहे. ती आता त्यांच्या कागदावर चढली. उद्या कुठल्याशा माझ्याच वयाच्या बाईला सांगतील, तुम्ही काही करू नका, पडून राहा, उपयोग नाही. आणि तिचा पाय माझ्या टिकांमुळे जाईल.

१८ जानेवारी

आज खरे सहा केले. काट्यावर पाय ठेवला. करकरला. वहीप्रमाणे माझे चाळीस किलो व्हायला हवेत.

अकरा.

वॉकर धरून तिथेच रडले. काटा फिरून शून्यावर आला.

२३ जानेवारी

कॉन्व्हेंटात असताना शनिवारी ख्रिश्चन मुली रांगेनं कन्फेशनला जायच्या. आम्ही बाहेर पायरीवर बसून हसायचो — काय बाई सांगत असतील, हिची पेन्सिल घेतली, तिला चिमटा काढला. आज फरहीनपुढे बसले तेव्हा ती रांग आठवली. हसू आलं नाही.

सगळं सांगितलं. तारखेसकट.

तिनं कोन मोजायची पट्टी मिटून पिशवीत टाकली. मग म्हणाली, "मॅडम, मला लई राग आलाय. दोन मिनिटं बोलू नका." दोन मिनिटं बोलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल. मग म्हणाली, "डॉक्टरांना मी सांगणार. तुमचं नाव संशोधनातनं जाणार."

"जाऊ दे."

"आणि उद्यापासनं दिवसातनं दोनदा काटा. मी समोर बसणार. चोवीस फेब्रुवारीच्या आधी परत एक्स-रे काढायला लावते. एक महिना हाय. हाड तुमच्यासारखं हट्टी नसंल तर जागं होईल."

लाल पेन मागून घेतलं. एकेका खोट्या टिकेवर काट मारली, सही केली. परीक्षा विभागात करायची तशीच.

जाताना तिला म्हटलं, आक्काला सांगू नको. तिनं मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही. जगात एकच माणूस आहे जो मला खोटं बोलणारी समजत नाही. तेवढं राहू दे.

२७ जानेवारी

आक्का पडली.

माझ्यासाठी गरम पाण्याची पिशवी भरत होती. भांड्याचा आवाज, मग काहीच नाही. मी हाका मारत होते. दहा पावलांवर स्वयंपाकघर. वॉकर घेऊन पोचायला किती वेळ लागला लिहवत नाही. ओट्याला टेकून बसली होती, उजवा हात मांडीवर, मनगट वाकडं. म्हणाली, "काय न्हाय, फिरल्यासारखं झालं." बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या. तिचे हात इतके काटकुळे कधी झाले? मी कुठे होते?

मनगटाला प्लास्टर. संध्याकाळी रुचिता इचलकरंजीहून आली आणि माझ्यासमोर बसून रडत बोलली. "मावशी, तुम्हाला कसं माहीत नाही? दहा डिसेंबरला आत्यांनी बस्तीत महाराजांपुढं नियम घेतलाय. दिवसातनं एकदाच जेवायचं. दूध, दही, तूप बंद. तुम्ही बऱ्या होऊस्तवर असणार, दुसरं काय. मला म्हटल्या, तंगीला बोलू नको."

डॉक्टरांनी सांगितलं, हाड वयानं ठिसूळ झालंय, दोन महिन्यांत होत नाही. पण चक्कर उपाशीपोटीची. आता तरी नीट खा, दूध घ्या, नाहीतर हे मनगट भरायचं नाही.

आक्का म्हणाली, "नियम हाय."

मी ओरडले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी बरी होईपर्यंत! आणि मी दीड महिना पडल्या पडल्या टिका करत होते. माझा एकेक आळसाचा दिवस तिच्या ताटातून गेला.

३० जानेवारी

सकाळी तेरा. दुपारी चौदा. फरहीन ओरडते, दात आवळू नका, श्वास घ्या. घेते.

३ फेब्रुवारी

सतरा. गुडघा एकाहत्तर अंश. फरहीनला विचारलं, पूर्ण भार कधी? "घाई केली तर स्क्रू तुटतील. लवकरात लवकर दीड महिना."

आक्काला दीड महिना नाही. आज तिला ताटलीही उचलवली नाही. रुचिता भरवत होती, दुपारचा एक भात, आमटी, संपलं. गोळ्याही त्याच वेळी, नंतर पाण्याशिवाय काही नाही. म्हटलं, आक्का, माझ्यासाठी सोड. तर म्हणते, "तुझ्यासाठीच तर हाय."

५ फेब्रुवारी

आज नीच काम केलं. लिहून ठेवते.

आक्काला बाहेरच्या खोलीत बसवलं. वॉकर सोडला. भिंतीला पाठ लावून दोन्ही पायांवर उभी राहिले. म्हणजे तसं दाखवलं — सगळा भार डाव्यावर, उजवा नुसता टेकलेला. म्हटलं, बघ आक्का, उभी राहिले, बरी झाले. झाला तुझा नियम. रुचिता दूध गरम करायला धावली.

आक्कानं माझ्या पायाकडे बघितलं. मग तोंडाकडे. "बरं," म्हणाली.

दुधाचा पेला तसाच राहिला. साय धरली.

८ फेब्रुवारी

तीन दिवस तिच्याशी बोलत नाहीये. रागानं नव्हे. त्या "बरं"ची भीती वाटते. डिसेंबरातही असंच म्हणायची — झालं का गं समदं, झालं, बरं.

आज एकवीस दाबले. काही वाटलं नाही. काटा करकरला तेव्हा आतून तिची हालचाल ऐकू आली. भिंत केवढीशी. तिकडचं इकडे ऐकू येतं. इकडचं तिकडे —

उद्या सांगणार. काय वाटायचं ते वाटू दे तिला.

९ फेब्रुवारी

सांगितलं. वही तिच्या मांडीवर ठेवली, लाल पेनानं काटलेल्या टिका दाखवल्या. तिला इंग्रजी येत नाही, तरी एकेका लाल रेघेवर बोट फिरवत शेवटपर्यंत गेली. म्हणाली, "मला पहिल्या दिशीच कळलं. काटा वाजलाच न्हाई. दुसऱ्या दिशी बस्तीत गेलो. पाय बरा हुईस्तवर न्हवं गं तंगी, तू खरं सांगूस्तवर." मग रुचिताला हाक मारली, "दूध आण गं. वाईच साखर घाल."