साखर वाढली

४ फेब्रुवारी
नव्या घरातला पहिला दिवस. देवाच्या कृपेने सामान धड पोचलं, फक्त एका कपाचा कान गेला. कारखान्याने यांना दिलेलं हे घर तीन खोल्यांचं. मागे अंगण, आणि स्वयंपाकघराला लागून साठवणीची खोली. तिला आतून कडी आहे. साठवणीच्या खोलीला आतून कडी कशाला, तांदूळ का पळून जाणार आहेत, असं हे म्हणाले. आमची लेक चिमणी किती हसली. मला मात्र सगळ्या घरात तीच खोली आवडली.

आधीच्या बाईंनी फळीवर पत्र्याचे सहा डबे सोडलेत, घासून लख्ख. फुकट मिळालेलं टाकू नये. मी तेच वापरायला घेतले. दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने आकड्यांच्या दोन रांगा लिहिल्यात, एक चढती, एक उतरती. धान्याची नोंद असावी. उतरत्या रांगेखाली आकडा नाही, नुसतं ‘वाढली’. म्हणजे बाई माझ्याच वळणाची. आमच्या आईनेही हेच शिकवलं, की डबा रिकामा झाला तरी तो दुसरा शब्द घरात उच्चारायचा नाही. वाढलं म्हणायचं. मॅट्रिकच्या निबंधातही मी तो शब्द टाळला होता. निबंधाला शेवटच राहिला नाही, मार्क गेले.

११ फेब्रुवारी
शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या आणि टाचण्यांच्या फटीतून अखंड बोलणं. आम्ही मायलेकी मापं द्यायला गेलो. चिमणीच्या कमरेला टेप लागली तेव्हा मी म्हटलं, कापड जरा जास्तच धरा, आमची चिमणी आता कोंबडी झालीय. बाई हसल्या. चिमणीही हसली. सोळा वर्षांची आहे, थट्टा कळते तिला.
संध्याकाळी ती अर्ध्या ताटावरून उठली. खरं लिहायचं तर मला बरंच वाटलं.

२० फेब्रुवारी
काल साठवणीच्या खोलीतून यांना ओरडून सांगितलं, अहो, साखर वाढली, येताना आणा. हे विसरले. आज सकाळी डबा उघडला तर काठोकाठ भरलेला. यांना विचारलं तर म्हणाले, तूच आणली असशील, अगं, तुझं हल्ली लक्ष कुठे असतं. देवाने दिलं म्हणून हात जोडले.

चिमणी पानात टाकते. अन्नाचा अपमान नको म्हणून तिचं उष्टं मी खाते. आया खातातच. पण आज ताट आवरल्यावर आत गेले, कडी लावली आणि साखरेचा चमचा तोंडात टाकला. मग दुसरा. पुढचे मोजले नाहीत. मी, जी काड्यापेटीतल्या काड्या मोजते. लिहितानाही मान वर होत नाही.

५ मार्च
तांदूळ वाढले म्हटलं, डबा भरला. पीठ वाढलं म्हटलं, तोही भरला. डब्यातलं टाकवत नाही आणि ठेववतही नाही. चमचा सुटला, आता मूठ. चारचौघांत एक घास कमी खाते. हे म्हणाले, काय गं, वारा खाऊन जाड होतेस का. हसले मी.
चिमणी म्हणते पोट भरलंय. सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही, तरी भरलंय म्हणते. तोंड गोड गोड झालंय म्हणते.

१४ मार्च
शिवणवाल्या बाईंकडे गेले. महिन्यापूर्वीचा गणवेश चिमणीला ढगळ होतो, आणि माझे कपडे उसवायचे होते. बाईंनी टेप दोनदा लावली. म्हणाल्या, वहिनी, गंमत बघा, लेकीचे जेवढे इंच दाबले तेवढेच तुमचे उसवले. घरातलं घरात.
एकटीच हसली बिचारी.

२२ मार्च
चिमणी शाळेत चक्कर येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मग तिला बाहेर बसवून मला विचारलं, घरात कोण कसं जेवतं. म्हणाल्या, नुसतं खा खा म्हणून हा आजार जात नाही. तिच्या जाडीवरून कुणी काही बोललं होतं का? घरात कुणी चोरून खातं का? मुली बघत असतात, अन्नाची लाज घरातूनच शिकतात. खरं सांगा, त्यावरच इलाज ठरेल.
मी म्हटलं, आम्ही सगळे वेळेवर दोनदा जेवतो. कोंबडीचंही सांगितलं नाही.
पदराला साखर चिकटलेली होती. त्यांना दिसली असेल. देवाला तर दिसलीच.

३० मार्च
शिवणवाल्या बाई कपडे द्यायला आल्या. साठवणीचं दार उघडं राहिलं होतं. आकडे बघून त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. म्हणाल्या, वहिनी, ही मापं माझीच आहेत. आधीच्या बाईंची कंबर ही, त्यांच्या मुलीची ही. दर महिन्याला दोघींची लिहून न्यायच्या.
मुलगी कुठे असते आता, मी विचारलं. बाईंनी टाचण्या परत तोंडात धरल्या.
‘वाढली’. मला वाटलं होतं, एखादा जिन्नस.

२ एप्रिल
सहाही डबे अंगणातल्या खड्ड्यात ओतले. आयुष्यात पहिल्यांदा अन्न टाकलं. रडले. आत येऊन यांना म्हटलं, सगळं वाढलं बाई एकदाचं. जीभच ती, सवयीची.
मागे फळीवर झाकणं वाजली.

६ एप्रिल
चार दिवस कडी लावली नाही. चिमणीने चार घास भात खाल्ला. वाटी धुताना मी गुणगुणत होते.
दुपारी पाय आपोआप आत गेले—
दोन मुठी. फक्त दोन. बाहेर चिमणी वाटीभर ओकली. म्हणाली, आई, आता पुरे ना, माझ्यात जागा नाही.
तिला माहीत आहे. केव्हापासून—

९ एप्रिल
सोमवारी तिला दवाखान्यात ठेवायचं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. हे शेजारी उभे होते. यांच्यासमोर कसं सांगू— म्हटलं, नाही हो, घरात कुणीच तसं नाही.
चिमणीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर—

१० एप्रिल
टेप मी लावली. तिच्या कमरेला तीन वेढे बसले. दारावर लिहिलं, आधीच्या बाईंच्या उतरत्या रांगेतल्या शेवटच्या आकड्याशेजारी. तोच आकडा.

११ एप्रिल, दुपार
पाच डबे पालथे आहेत. साखरेच्या तळाशी चमचाभर होती, ती मी— हो, खाल्ली. कडी लावून.
आता कळलं. तो दुसरा शब्द लिहायचा. नुसता लिहायचा, की डबा पुन्हा भरणार नाही. आधीच्या बाईंना जमलं नाही. घरात लेक अंथरुणावर असताना तो शब्द— आई म्हणायची, जीभ झडेल—
चिमणी हाक मारत होती. आता नाही.
डबा चरचरतोय. तळापासून.
लिहिते. देवा, हात धर. साखर सं—
साखर सं—
साखर वा