मागच्या चाकाखालचा डाग

भावजी,
रातपाळीवरून आलात की बूट काढू नका. कुणाचीही फटफटी मागा आणि पोलादपूरच्या स्टँडावर तुमच्या दादांची गाडी अडवा. वऱ्हाड घेऊन ते घाटाला लागायच्या आत गाठा. मी हमरस्त्याला जाते, मिळंल त्या ट्रकला हात करते. जो आधी पोचंल त्यानं अडवायचं.

काल जेवताना ते म्हणाले ना, ब्रेक दोन-तीनदा दाबल्याशिवाय धरत नाय, पण अंगणात ऑइलचा थेंब नाय, म्हणजे गळत नसणार? थेंब होता हो. ते उठायच्या आत मी रोज अंगण सारवते. मागच्या चाकाजवळ ओलं दिसायचं, मला वाटायचं कोंबड्यांनी पाणी सांडलं. त्यावरनं शेणाचा हात फिरवायची. आज ते अंधारातच निघाले, सारवायचं राहिलं. उजाडल्यावर हात लावला तर बोटाला ऑइल.

काय शिव्या घालायच्या त्या मला घाला म्हणावं, पण गाडी हलवू नका.

आपली सोनी नवरी बघायची म्हणून रडत होती. मीच तिला पुढच्या सीटवर बसवून दिली हाय.

मंजुळावैनी