जपमाळेनंतरचा मोबाइल

भुईगाव, १२ जानेवारी २०२६

ती. पॉलिनताईस,
सा. न. वि. वि.

मेसेजवर मी भांडतो म्हणून तू कागदावर लिहायला लावलंस, तर ऐक. फ्लॉईडदादाचा मोबाइल मी विहिरीत फेकला.

आई गेल्यापासून आपल्याकडे संध्याकाळची जपमाळ मोबाइलवरच लावतात. वेदीवर मोबाइल उभा आणि आम्ही त्याच्यामागून पुटपुटतो. शेवटचं आमेन झालं की तोच एलिसाच्या हातात. शांत बसल्याचं बक्षीस. मग जेवण नाही, बोलणं नाही. परवा ओढून घेतला तर हाताला चावली. माझं डोकं फिरलं.

आता दादाची ही सात वर्षांची लेक माझ्याशी चकार शब्द बोलत नाही. मी दिसलो की तोंड भिंतीकडे. कॉलेज सोडल्यापासून दादा-वहिनीची बोलणी खायची सवय आहे ग, पण हिचा अबोला सोसवत नाही. मुलांचा मोबाइल कसा आवरावा याचे तू आईबापांसाठी वर्ग घेतेस ना? मग आम्हालाही शिकव. कॉलेजातली सुरुचीही उत्तर देत नाही, ते दुखणं वेगळंच.

कान धर, पण माया कमी करू नकोस.

तुझा लेस्ली

नाशिक, १८ जानेवारी

चि. लेस्लीस,
अ. उ. आ.

विहिरीला कशाला रे मोबाइल? तुझ्या वहिनीशी, ज्युलीशी बोलले. ती म्हणाली, सुरुचीच्या मेसेजसाठी तुझा मोबाइल ताटाशेजारीच असतो. मग पोरीने कोणाचं बघून शिकायचं?

हिसकावू नका. कधी आणि किती ते तिला विचारून आधीच ठरवा, बंदही तिच्याच हाताने होऊ दे. जपमाळ तोंडाने म्हणा. तेव्हापासून जेवण होईस्तोवर मोठ्यांचेही मोबाइल कपाटात. आणि तिची माफी माग. खुलासे नकोत, नुसती माग.

कॉलेजचा विषय आज काढत नाही, हेच माझं प्रेम समज.

तुझी ताई, पॉलिन

भुईगाव, ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माफी मागितली. भिंतीनेच ऐकली.

जेवणानंतर एक कार्टून, हे एलिसाने स्वतः ठरवलं. दादाने ऑफिसचं निमित्त सांगून नवा मोबाइल खिशातच ठेवला, तर हिने नुसतं बोट दाखवलं. गेला कपाटात! तोंडाने जपमाळ म्हणायला बसलो आणि कळलं, कोणत्या वारी जपमाळेतली कोणती रहस्यं म्हणायची हेच सगळे विसरलोय. दादा-वहिनी वेदीसमोरच भांडले. एलिसा फस्सकन हसली.

काल जपमाळ चालू असताना कपाटात माझा मोबाइल वाजला. सुरुचीसाठी ठेवलेली रिंग. खोटं कशाला सांगू, उठलो. कपाटाच्या मुठीला हात लागला. वळून पाहिलं तर एलिसा माझ्याकडे टक लावून. परत येऊन गुडघे टेकले. तो वाजून वाजून गप्प झाला.

जेवताना तिने माझ्या ताटात बोंबलाचा तुकडा टाकला आणि विचारलं, काका, ती सुरुची रडत असेल का? मी म्हटलं, रडू दे. त्यावर मलाच झापलं, की रडू दे काय, आधी जेव आणि मग फोन कर.

जेवण झाल्यावर तिनेच कपाट उघडलं. कार्टूनसाठीचा नाही, आधी माझा मोबाइल काढून दिला आणि शेजारी येऊन बसली.

सुरुची काय म्हणाली ते तुला नाही सांगणार. एलिसाला सगळं माहीत आहे.

तुझा लाडका, लेस्ली